फिरायला जावे, पण किती दूर?

कोविडच्या टाळेबंदीला आता बरीच वर्षे लोटली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, मास्क कपाटात गेले आणि त्या दिवसांची आठवणही लोक टाळू लागले. पण एका प्रश्नाचा निकाल तेव्हा लागला नाही आणि पुढेही कोणी लावला नाही. साथीच्या काळात व्यायामासाठी घराबाहेर पडावे की नाही? पडावे तर पायी जाता येईल तेवढेच, की गाडी काढून मोकळ्या रानात जाण्यासही हरकत नाही? साथ पुन्हा येणारच नाही असे कोणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. म्हणून हा विचार आज, डोके शांत असताना झालेला बरा.

उदाहरणासाठी आम्ही ग्वाल्हेर घेतले आहे. तेथील लष्कर भागात आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज या पेठांतील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तेथील बोळ किती अरुंद आहेत हे सांगावयास नको. एका वाड्यात चार-पाच बिऱ्हाडे, मध्ये चौक, एकच जिना. घरात बसा, हा हुकूम अशा वाड्यात पाळावयाचा म्हणजे चार बिऱ्हाडांनी एकमेकांच्या श्वासात बसणे. त्यातल्या त्यात सोय म्हणजे दगडी पट्ट्यांची सपाट छते. २०२० च्या एप्रिलात ग्वाल्हेरची कित्येक माणसे त्या छतांवरच येरझारा घालीत होती. पण छतही सर्वांचेच असते आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना तो उभा जिना कोठून चढवणार?

तसे पाहिले तर या शहराला मोकळ्या जागेची वाण नाही. सुमारे तीनशे फूट उंचीची किल्ल्याची टेकडी गावाच्या उशाशी आहे. ग्वाल्हेर दरवाज्याची दगडी चढण चढून वर जाणे हा तर फुकटातला व्यायाम. फूलबाग आहे. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचा परिसर आहे. रेसकोर्स रोडला मेळ्याचे विस्तीर्ण मैदान आहे; १९०५ पासून चालत आलेला मेळा आटोपला की वर्षातले बरेच महिने ते रिकामेच पडून असते. त्याच रस्त्यावर शारीरिक शिक्षणाचे देशातील नामांकित विद्यापीठ आहे. १८५७ च्या लढ्याची शताब्दी म्हणून १९५७ साली ते निघाले आणि त्याला राणीचेच नाव दिले गेले. म्हणजे व्यायाम शिकवणारे शिक्षक येथे, मैदाने येथे, चढण येथे. आणि लोक मात्र छतावर.

असे का झाले हे समजून घेण्यासाठी त्या वेळचे हुकूम पाहावे लागतील. २५ मार्च २०२० पासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी लागली. अन्नधान्य, दूध, औषध यांसाठी बाहेर पडण्याची मुभा होती, पण फिरण्याचा उल्लेख कोठे नव्हता. जे लिहिलेले नाही ते मना आहे, असा अर्थ चौकाचौकांतील शिपायांनी घेतला. पुण्यात बिबवेवाडीला तर सकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींना पोलिसांनी पकडले आणि भर रस्त्यावर ओळीने बसवून योगासने करावयास लावली. गंमत पाहा, व्यायामाला निघालात म्हणून शिक्षा, आणि शिक्षा काय तर व्यायाम! पुरातत्त्व खात्याने आपली सर्व स्मारके १७ मार्चलाच बंद केली होती, ती ६ जुलैपर्यंत उघडली नाहीत. किल्ल्यातील महाल काय किंवा महंमद घौसच्या मकबऱ्याभोवतीची बाग काय, कुलूप सर्वांना सारखेच.

पुढे ४ मेपासून नियम थोडे सैल झाले, पण त्यात एक कलम आले: संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात अत्यावश्यक कामाखेरीज कोणी बाहेर पडू नये. वाचकहो, ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने अंगावर घेतला आहे त्याला या कलमाचा अर्थ लगेच कळेल. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, लू वाहते. तेथे माणसाला चालण्यासारखे तास दोनच: पहाटे पाच ते सात, नाही तर दिवेलागणीनंतरचे. नेमके तेच तास या कलमाने काढून घेतले आणि मागे ठेवले ते माणसाला भाजून काढणारे. ३० मेच्या आदेशाने ही वेळ रात्री नऊ ते पहाटे पाच अशी झाली तेव्हा कोठे पहाट परत मिळाली, पण तोवर अर्धाअधिक उन्हाळा उलटला होता. आदेश लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे आम्ही मानतो. सबंध देशासाठी एकच घड्याळ लावले की असेच व्हावयाचे.

त्याच आदेशात पासष्ट वर्षांवरील माणसांनी, गरोदर स्त्रियांनी आणि दहा वर्षांखालील मुलांनी घरीच राहावे असे सांगितले होते. अपवाद दोनच, अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचे कारण. आता मधुमेहाच्या रोग्याचे सकाळचे चालणे हे आरोग्याचे कारण नव्हे काय? गोळी आणण्यासाठी औषधाच्या दुकानापर्यंत जाणे चालते आणि जे केल्याने गोळी कमी लागेल ते चालत नाही, ही वाचनाची तऱ्हा आम्हाला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीतच, मार्गदर्शन प्रसिद्ध केले. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे बेताच्या श्रमाची हालचाल करावी आणि मुलांनी रोज सरासरी तासभर, असे त्यात म्हटले आहे. ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. बारा महिने दावणीला बांधलेल्या जनावराचे खूर वाढतात, सांधे आखडतात, म्हणून त्याला रोज थोडे हिंडवून आणतात. माणसाचे खूर दिसत नाहीत इतकेच.

शेतकऱ्याला हे दुःख भोगावे लागले नाही, हेही नमूद केले पाहिजे. २७ मार्च २०२० रोजीच केंद्र सरकारने शेतीची कामे, बाजार समित्या आणि कापणीची यंत्रे यांना टाळेबंदीतून सूट दिली. ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात तेव्हा गव्हाची कापणी तोंडावर आली होती. बांधावर जाणारा माणूस उघड्या वाऱ्यात, अंतर राखून, घाम गाळून घरी येत होता. शेताला जाणे सुरक्षित, तर शेतापलीकडच्या मैदानाला जाणे धोक्याचे कसे? विषाणूला सातबारा वाचता येत नाही.

रोग पसरतो कसा याची समज पुढे वाढत गेली. सुरुवातीला थुंकीचे थेंब आणि हात लावलेल्या वस्तू यांचीच भीती सांगितली जाई. बंद खोलीत श्वासातले बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि तेथे लागण जास्त होते, हे नंतर स्पष्ट झाले. उघड्यावर वारा ते कण पांगवतो, म्हणून तेथे लागण फार कमी. अजिबात नाही असे नव्हे. खांद्याला खांदा लावून तासभर गप्पा मारल्या तर आकाशाखालीही रोग गाठू शकतो. पण बंद खोली आणि उघडे मैदान यांतून एक निवडावयाचे असेल तर मैदानच निवडावे.

आपल्या आजे-पणज्यांनी साथीत मैदानच निवडले होते, ही गोष्ट आज कोणाला फारशी आठवत नाही. प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे घरे सोडून माळावर आणि शेतात झोपड्या बांधून राहिली. १८९७ साली सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला तो शहराच्या गर्दीत नव्हे, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरे, म्हणून तेथे घर सोडणे हाच उपाय होता. कोविड माणसाकडून माणसाला होई, म्हणून माणसे वेगळी ठेवावी लागली. कारणे निराळी, तेव्हा त्या वेळचा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण साथ म्हणजे दार लावून घेणे एवढेच आपल्या लोकांना ठाऊक होते असे जे म्हणतात, त्यांनी माळावरच्या त्या झोपड्या आठवाव्यात.

आता मूळ प्रश्न, दूर जाण्याचा. याबाबत आम्हाला महाराष्ट्र सरकारचा ३१ मे २०२० चा आदेश बराच शहाणपणाचा वाटतो. ३ जूनपासून चालणे, धावणे, सायकल चालवणे यांना मैदाने, बागा आणि समुद्रकिनारे मोकळे झाले. वेळ पहाटे पाच ते संध्याकाळी सात. घोळक्याने काही करू नये, मुलांबरोबर मोठे माणूस असावे, जवळच्याच जागी जावे, लांबचा प्रवास करू नये, असे त्यात होते. सायकल वापरा, कारण तिच्यावर अंतर आपोआप राखले जाते, असेही त्यात आवर्जून सांगितले होते. सरकारी कागदात असे साधे व्यवहारज्ञान क्वचितच सापडते.

पण त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत पोलिसांनी दोन किलोमीटरची मर्यादा घातली आणि हजारो गाड्या जप्त केल्या. थोड्याच दिवसांत ती मर्यादा मागे घ्यावी लागली. परदेशातही हाच घोळ होता. फ्रान्सने एक किलोमीटर आणि एक तास असे मोजून दिले. आयर्लंडने आधी दोन आणि मग पाच किलोमीटर दिले. इंग्लंडने आकडाच दिला नाही, तेव्हा डर्बीशर परगण्याच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये पाच मैलांवर गाडीने जाऊन तळ्याकाठी फिरणाऱ्या दोन मैत्रिणींना दोनदोनशे पौंड दंड केला. नंतर तो रद्द करून माफी मागावी लागली. आकडा दिला तरी तंटा, न दिला तरी तंटा.

आमचे मत असे की आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. गाडीत एकटे बसून वीस किलोमीटर गेल्याने कोणाला रोग होत नाही. रोग होतो तो वाटेत थांबल्याने. ग्वाल्हेरहून तिघरा धरण वीसएक किलोमीटरवर आहे. जागा सुंदर, वारा मोकळा. पण तेथे जाणारा घरून एकटा निघत नाही. मित्राला मागे बसवतो, वाटेत चहा घेतो, पेट्रोल भरतो, धरणावर आणखी चार ओळखीचे भेटतात. शिवाय जो विचार पन्नास जणांच्या मनात आला तोच पाच हजारांच्या मनात आला की मोकळी जागा मोकळी राहत नाही. आणि वाटेत अपघात झाला तर ज्या इस्पितळात खाट नाही तेथेच त्याला न्यावे लागणार. म्हणून गाडीने दूर जाणाऱ्याला पापी ठरवू नये, पण त्याला उत्तेजनही देऊ नये.

मात्र दूर जाऊ नका असे सांगणाऱ्याने जवळचे फाटक उघडे ठेवले पाहिजे, आणि नेमके हेच तेव्हा झाले नाही. बाग बंद, मैदान बंद, शाळेचे पटांगण बंद, आणि लोक दूर का जातात म्हणून आश्चर्य! त्याच दिवसांत दिल्लीहून आग्रा-ग्वाल्हेर रस्त्याने हजारो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन उन्हातून पायी चालले होते. त्यांच्या चालण्यापुढे आपल्या फेरफटक्याची तक्रार सांगण्यास संकोच होतो. पण ती तक्रार केवळ सुखवस्तूंची नाही. ज्याच्या घराला अंगण आहे, बंगल्याला बाग आहे, त्याला टाळेबंदीत फिरण्याचा प्रश्न पडलाच नाही. प्रश्न पडला तो एका खोलीत सहा माणसे असलेल्यांना.

पुढील वेळी काय करावे याविषयी थोडे. प्रत्येक मोहल्ल्यातील शाळेचे पटांगण पहाटे पाच ते आठ उघडावे. शाळा बंदच असते, तेव्हा कोणाचे काही अडत नाही. फाटकावर एक माणूस बसवून बेताने सोडावे, आत गोलाकार एकाच दिशेने चालावयास लावावे, बाकांवर बसू देऊ नये. मेळ्याच्या मैदानासारखी जागा तर हजार माणसांना पुरेल. स्त्रियांसाठी एखादा तास राखून ठेवावा, कारण घरात सर्वांची उठबस करून त्यांना वेळ मिळतो तेव्हा ऊन चढलेले असते. वेळा जिल्ह्याच्या हवामानाप्रमाणे जिल्ह्यानेच ठरवाव्यात. ग्वाल्हेरचा मे आणि महाबळेश्वरचा मे एक नव्हे. आणि ज्यांना चालत मैदानापर्यंत जाणे शक्य नाही, अशा म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांना घरच्या कोणी गाडीवरून फाटकापर्यंत पोचवले तर शिपायाने ती गाडी अडवू नये.