केवायसीचा कागद

आमच्या धायरीत परवा एका बँकेच्या शाखेत सत्तरीतले एक गृहस्थ भेटले. त्यांचे निवृत्तिवेतनाचे खाते गोठले होते. 'केवायसी अद्ययावत नाही,' एवढेच संगणक सांगत होता आणि तेवढेच खिडकीतला मुलगा. कागद तर त्यांनी वर्षापूर्वीच दिलेले! ही तिसरी खेप.

मी उमेदीची वर्षे त्याच खिडकीपलीकडे काढली. नियम नकोत, असे मी म्हणणार नाही. पण ते कुणासाठी? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण आठवा. एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी तब्बल २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असा आरोप पोलिसांतील फिर्यादीत आहे. त्या खात्यांची केवायसी कुणी मागितली? सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे वाढली, जानेवारी २०२२ मध्ये विलीनीकरणही झाले. पण पाच लाखांवरची ठेव टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत. सत्तरीतल्या माणसाने ती दहा वर्षे आणायची कुठून?

संगणकाला बोल लावणे सोपे. तो सांगितले तेवढेच करतो. सांगणारा माणूसच असतो. म्हणून खाते गोठवण्याआधी लेखी सूचना आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच, एवढे तरी बँकांनी द्यावे.

आणि वाचकहो, एका बँकेतल्या ठेवींना व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमा आहे. आज दुपारची जेवणे आटोपली, की घरातली पासबुके एकदा काढून बघा.