ठिपक्यांचा मोर, रेघांचा मोर



आज आधी माझी एक चूक सांगते. बाईंच्याही चुका होतात बरं का!

गेल्या वर्षी आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. स्टेजच्या मागं लावायला दहा फूट रुंदीचा फलक हवा होता. चौथीतल्या एका मुलीनं खडूंनी सुरेख मोर काढला होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि फ्लेक्सवाल्या काकांना पाठवून दिला. संमेलनाच्या दिवशी फलक उलगडला आणि पाहते तो काय! मोराच्या जागी नुसते चौकोनच चौकोन. चोच कुठली, पिसाऱ्याचे डोळे कुठले, काही कळेना. मुलं हसली. जिचं चित्र होतं ती मात्र हसली नाही. पुढं कितीतरी दिवस चित्रकलेच्या तासाला ती वही उघडून नुसती बसून राहायची.

मला फार वाईट वाटलं. असं झालं तरी का? मी शोधायला लागले.

मोबाइलचा फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी असते. मी पाठवलेला फोटो वाटेत लहान होत होत रुंदीला जेमतेम 600 ठिपक्यांचा उरला होता. तो दहा फुटांवर ताणला. आता तुम्हीच गणित करा. दहा फूट म्हणजे सुमारे 305 सेंटीमीटर. त्याला 600 नं भागा. एकेक ठिपका अर्ध्या सेंटीमीटरचा झाला! मग मोर कसा दिसणार?

फ्लेक्सवाले काका म्हणाले, "बाई, चित्र व्हेक्टरमध्ये आणा. मग हत्तीएवढं करा, नाहीतर मुंगीएवढं. फाटायचं नाही."

व्हेक्टर म्हणजे काय? समजा, तुम्हाला एक वर्तुळ काढायचं आहे. ठिपके भरत बसायचं नाही. संगणकाला फक्त सांगायचं : मध्यबिंदू इथं, त्रिज्या एवढी, रंग लाल. मोठं हवं असेल तर संगणक तेच गणित मोठ्या त्रिज्येनं पुन्हा करतो. कड जशीच्या तशी गुळगुळीत. वाकड्या रेघांचंही गणित आहे. 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या रेनॉ या मोटार कंपनीत पिएर बेझिए नावाचे इंजिनिअर होते. गाड्यांच्या गोलाईदार पत्र्याचे आकार नेमके काढता यावेत म्हणून त्यांनी या रेघा वापरात आणल्या. म्हणून त्यांना बेझिए वक्र म्हणतात. मोटारीसाठी आलेली रेघ मोराच्या मानेलाही चालते, आहे की नाही गंमत?

आता दुसरी चूक सांगते. ही पहिलीपेक्षा मोठी आहे.

अशी चित्रं काढायचे नावाजलेले प्रोग्रॅम महाग असतात. काहींचं तर दर महिन्याला भाडं भरावं लागतं. आमच्या शाळेत चार जुने संगणक. पैसे कुठून आणायचे? एका ओळखीच्यांनी पेन ड्राइव्हमधून तसला एक प्रोग्रॅम "असाच" आणून बसवून दिला. मी खूश! त्याच दिवशी सकाळी परिपाठात मी प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितली होती. दुपारी संगणकाच्या तासाला एका मुलानं विचारलं, "बाई, हे विकत आणलंय?"

मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, "चला, पुढचं बघू या." तो गप्प बसला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पैसे न देता घेतलेली प्रत म्हणजे चोरीच, आणि कायद्यानंही तो गुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी मी तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि वर्गात तसं सांगितलंही. त्या मुलानं विचारलं, "मग आता कशावर काढायचं?"

या प्रश्नानं आम्हाला इंकस्केपपर्यंत नेलं.

इंकस्केप हा व्हेक्टर चित्रांचा प्रोग्रॅम आहे. किंमत? शून्य रुपये! आणि चोरीही नाही. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. 2003 मध्ये चार जणांनी सोडीपोडी नावाचा आधीचा मोफत प्रोग्रॅम घेऊन त्यावर हे काम सुरू केलं. पुढं देशोदेशीचे लोक आपापल्या फावल्या वेळात हात लावत गेले. 'आवृत्ती 1.0' असं म्हणायची त्यांची हिंमत झाली ती थेट मे 2020 मध्ये! साडेसोळा वर्षं! तुम्ही गृहपाठाला एक तास लागला की कुरकुरता ना? यावरून काही घ्या. या प्रोग्रॅमचा परवानाच असा आहे की कुणीही वापरावा, मित्राला प्रत द्यावी, आतली मांडणी उघडून बघावी, सुधारावी.

इंग्लंडमधल्या सेरिफ कंपनीनं 2014 मध्ये ॲफिनिटी डिझायनर नावाचा प्रोग्रॅम काढला. एकदाच बेताची किंमत द्या, दरमहा भाडं नाही, म्हणून तो लोकांना आवडला. 2024 मध्ये कॅनव्हा या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ॲफिनिटी विकत घेतलं आणि 2025 मध्ये नवी आवृत्ती मोफत केली. मोफत झालं हे चांगलंच, पण ते पुढं कसं चालवायचं हे नवे मालक ठरवणार. इंकस्केपचं तसं नाही. उद्या कुणी त्याचं काम थांबवलं, तरी दुसरा कुणीही तिथून पुढं चालू करू शकतो. सुरुवात तशीच तर झाली होती!

पण थांबा. फुकट आहे म्हणून चांगलंच असेल असं कुणी सांगितलं? आमच्या वर्गानं ठरवलं, जे जे हा प्रोग्रॅम वापरतात किंवा वापरून बघायला तयार आहेत, त्यांना विचारायचं आणि जे सांगतील ते वहीत लिहायचं. गोड तेही आणि कडूही. त्या वहीतलं थोडं तुम्हाला देते.

तिसरीतला एक मुलगा : "चुकलं की कंट्रोल झेड दाबायचं. मला गणिताच्या वहीतपण कंट्रोल झेड पाहिजे."

सहावीतली एक मुलगी : "माऊसनं रेघ काढताना हात दुखतो. पण आधी जाडीभरडी रेघ काढायची आणि मग तिच्यावरचे बिंदू ओढून वळवायची, हे जमलं की मजा येते. मला चार दिवस लागले."

आमच्या शाळेतले एक सर : "मराठी जोडाक्षरं नीट उमटतात. मी भूमितीच्या कार्यपत्रिका त्यातच करतो. 2022 पासून एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात, तेही बरं झालं. पण पहिल्या दिवशी इतकी बटणं बघून मी घाबरलो होतो. आणि आपल्या जुन्या संगणकावर चित्र मोठं झालं, त्यात धूसर सावल्या घातल्या, की ते बैलगाडीसारखं चालतं."

माझा भाचा, पुण्यात डिझाइन शिकतो : "मावशी, कॉलेजात दुसरंच शिकवतात. नोकरीलाही तेच मागतात, म्हणून ते मला यायलाच हवं. पण घरी माझ्या लॅपटॉपवर इंकस्केप आहे. रेघा, बिंदू, थर हे एकदा समजलं की दुसरीकडे फक्त बटणांच्या जागा बदलतात."

आणि फ्लेक्सवाले काका : "माझा वीस वर्षांपासून कोरल ड्रॉवर हात बसलाय. त्या फाइली यात उघडतात, पण काही वेळा अक्षरं इकडची तिकडं होतात. दुसरं म्हणजे रंग. पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे रंग. छपाईला चार शाया. छपाईच्या रंगांची सोय ही त्याची कच्ची बाजू. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट येतो. गिऱ्हाइकाला काय सांगू? पण तुम्ही शाळेचं चित्र द्या, मी छापतो. फक्त देण्याआधी अक्षरांचं रूपांतर रेघांत करा. तिथं 'ऑब्जेक्ट टू पाथ' असं लिहिलेलं असतं. मग माझ्याकडे तो टाइप नसला तरी काही बिघडत नाही."

वही वाचून झाल्यावर वर्गात वादच सुरू झाला. एक म्हणे चांगलं, एक म्हणे वाईट. मग फळ्यावर मी तीन प्रश्न लिहिले. कोण सांगतंय? कशासाठी वापरतंय? किती दिवस वापरलंय? काकांची तक्रार खरीच, पण ती रोजच्या छपाईच्या धंद्याची आहे. सरांची बटणांची भीती पहिल्या दिवसाची होती, पण संथपणाची तक्रार आजही कायम आहे आणि ती आपल्यालाही लागू आहे, कारण संगणक तेच! भाच्याचं म्हणणं नोकरी शोधणाऱ्याचं. तिसरीतल्या मुलाला यातलं काहीच नको, त्याला मोकळं खेळायचंय. म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. दुकानात काही घेताना, दुसऱ्याचं मत ऐकताना हे तीन प्रश्न विचारून बघा. सायकललाही चालतात आणि पेनालाही!

आता तुमच्यासाठी एक उद्योग. वारली चित्रं तुम्ही पाहिली असतीलच. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघा, एवढ्यावर माणसं नाचतात, नांगरतात, लग्नं लावतात. म्हणूनच इंकस्केप शिकायला वारली माणूस सगळ्यात सोपा.

1. वर्तुळाचं हत्यार घ्या. कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे अंडं न होता नीट गोल होईल. हे डोकं.

2. ताऱ्याच्या हत्यारात बहुभुज निवडा, कोपरे 3 करा. हा त्रिकोण.

3. कंट्रोल डी दाबा. त्रिकोणावरच दुसरा त्रिकोण तयार होईल. व्ही दाबून तो उलटा करा. उलटा वर, सुलटा खाली, टोकाला टोक. झाली कंबर.

4. हात, पाय आणि मान पेनाच्या हत्यारानं. एकेक टिचकी मारत जा आणि संपलं की एंटर.

एक माणूस झाला की त्याच्या प्रती काढून गोलात लावा, तारप्याचा नाच तयार! आणि शेवटी चित्र खूप मोठं करून बघा. कड फाटते का? आम्हाला कळवा.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. हा प्रोग्रॅम इंकस्केप डॉट ऑर्ग या त्याच्या स्वतःच्या जागेवरूनच उतरवून घ्या. भलत्या ठिकाणची 'फुकट' प्रत घेऊ नका. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. चालवायला संगणक लागतो, मोबाइलवर भागत नाही. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणक खोलीत बसवायची विनंती करा, शाळेलाही पैसे लागत नाहीत. फोटो सुधारायचे असतील तर त्यासाठी गिंप नावाचा वेगळा मोफत प्रोग्रॅम आहे. इंकस्केप रेघांचं काम करतं, गिंप ठिपक्यांचं. आणि हो, मुलांनी "हे विकत घेतलंय का?" असं विचारलं तर रागावू नका. मला त्या प्रश्नाचा फायदाच झाला.

आता तुम्ही विचाराल, बाई, त्या मोराचं काय झालं?

ती मुलगी आता पाचवीत आहे. तिला मी "पुन्हा काढ" असं एकदाही म्हटलं नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत ती स्वतःच संगणकाशी येऊन बसली. जुन्या चित्राचा फोटो तिनं खाली ठेवला आणि त्यावरून बिंदू बिंदू टाकत मान काढली. एक पीस काढलं, त्याच्या प्रती काढून फिरवत फिरवत पिसारा केला. तीन आठवडे लागले. या वर्षीच्या संमेलनात तिचा मोर दहा फूट रुंदीच्या फलकावर उभा राहिला आणि एकही कड फाटली नाही.

मी विचारलं, "काय गं, आवडला?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे बाई. पण खडूचा मोर खरखरीत होता. हा फारच गुळगुळीत झालाय."

तिचं खरं होतं. खडूचा तो खरखरीतपणा गणिताच्या रेघेत येत नाही. तिचं हे मत आम्ही वहीत शेवटी लिहिलं आणि तिचा कागदावरचा मोर पुठ्ठ्यावर चिकटवून फलकाच्या शेजारी टांगला. येणारी-जाणारी मंडळी आधी मोठा बघत आणि मग जवळ जाऊन छोटा.

तुमच्या वहीत काय जमतंय तेही लिहून पाठवा. भेटू या पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
बाई