आईला ‘पळवणारी’ ठरवणाऱ्या सभेत आपण का जायचे?

संघटनेच्या गेल्या बैठकीत माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने सगळ्यांसमोर मला विचारले, “हिंगणघाटच्या बाईला तीन वर्षं पोटगीचा पैसा दिसलेला नाही, आणि तू आंतरराष्ट्रीय वकिलांच्या संघटनेची सभासद कसली होतेस?” हशा पिकला. मीही हसले. पण त्या हसण्यात थोडी खोच होती हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. प्रश्न रास्त आहे. बैठकीत चहा आला आणि विषय बदलला, म्हणून उत्तर इथे लिहिते आहे.

वर्ध्याच्या कोर्टात मी वीस वर्षे वकिली करते. पोटगी, हुंडा, मारहाण, सातबाऱ्यावर बाईचे नाव. आंतरराष्ट्रीय कायदा हा माझ्या दृष्टीने कॉलेजातला एक पेपर होता, गाइड वाचून सोडवलेला. तो आपल्या जिल्ह्यात कुठे भेटेल असे वाटले नव्हते. भेटला, आणि तोही देवळी तालुक्यातल्या एका शिक्षकाच्या घरात. (तपशील बदलले आहेत. मुलीची ओळख तिच्यापाशीच राहू द्या.)

वडिलांनी दोन एकर विकून लग्न लावून दिले होते. नवरा अमेरिकेत संगणकाच्या कंपनीत. मुलगी तिकडे गेली ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, स्वतःचे खाते नाही, गाडी चालवता येत नाही. मार मात्र इथल्यासारखाच. चार वर्षांनी धाकट्या बहिणीच्या लग्नाला म्हणून लेकराला घेऊन आली आणि परत गेली नाही. दीड महिन्याने ई-मेलवर तिकडच्या कोर्टाचा हुकूम आला. मुलाचे घर अमेरिका, ताबा बापाकडे, आईने मुलाचे ‘अपहरण’ केले. मी तो कागद मराठीत सांगितला तेव्हा तिचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे माह्या पोरीनं सोताचंच पोरगं चोरलं म्हणते का थे कोर्ट?”

होय, तसेच म्हणते. आणि हा शब्द त्या न्यायाधीशाने स्वतःच्या मनाने काढलेला नाही. तो एका करारातून आला आहे.

हेग येथे १९८० साली मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयी करार झाला. त्याचे तत्त्व ऐकायला साधे आहे. एका पालकाने दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध मूल परदेशी नेले तर वर्षाच्या आत अर्ज झाल्यास मूल ताबडतोब त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवायचे. ताब्याचा वाद तिथल्या कोर्टात. करार लिहिताना डोळ्यांसमोर होता तो आईकडून मूल हिसकावून पळणारा बाप. प्रत्यक्षात काय झाले? हेग परिषदेसाठी झालेल्या पाहणीत २०१५ सालच्या प्रकरणांत मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के आया निघाल्या. बाई मार खाऊन निघते तेव्हा लेकरू मागे ठेवून निघत नाही, हे आपल्या कुठल्याही शिबिरातल्या बाईने सांगितले असते. पण तिला विचारले कोणी?

करारात एक पळवाट आहे, कलम १३. मुलाला परत पाठवण्यात गंभीर धोका असेल तर कोर्ट नकार देऊ शकते. पण धोका मुलाला असावा लागतो. आईचे फुटलेले डोके त्या वाक्यात बसत नाही. बसवायचे तर ते लेकराच्या मनावर झालेला परिणाम म्हणून बसवावे लागते.

भारताने या करारावर सही केलेली नाही. विधी आयोगाने २००९ साली सही करावी असे सुचवले, २०१६ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्याच वर्षी विधी आयोगाने त्यावर आणखी एक अहवाल दिला. परदेशातून मुलांसह परतलेल्या बायका तेव्हा उभ्या राहिल्या, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीचा अहवाल २०१८ साली आला, आणि सही काही झाली नाही. पण दबाव संपलेला नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या वार्षिक अहवालांत मुले परत न करणाऱ्या देशांत भारताचे नाव घेत आले आहे.

सही नाही म्हणूनच देवळीच्या त्या मुलीला लढायला जागा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नित्या आनंद राघवन खटल्यात सांगितले की परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, पण मुलाचे हित त्याच्या वर. २०१९ साली रूपालीदेवी खटल्यात सांगितले की छळ सोसून माहेरी आलेली बाई जिथे आसरा घेते तिथेही तक्रार करू शकते. ही दोन निकालपत्रे घेऊन मी नागपूर खंडपीठात उभी राहिले. मात्र उद्या सही झाली तर पहिले निकालपत्र रद्दीत जाईल.

आता त्या संघटनेकडे येते. नाव घेत नाही, कारण मला एका संघटनेशी नव्हे, एकूण तऱ्हेशी भांडायचे आहे. या प्रकरणात तिकडच्या वकिलाची गरज होती, म्हणून सभासद झाले. वर्षाची वर्गणी डॉलरमध्ये. माझी महिन्याची निव्वळ कमाई तिच्यापुढे लाजली. मग दिल्लीला त्यांची सभा असल्याचे पत्र आले आणि मी सेवाग्रामहून गाडी धरून गेले.

मोठे हॉटेल, गार हवा, गळ्यात नावाची पट्टी. विषय होता ‘भारताने करारात यावे यासाठी काय करता येईल’. यावे की नाही, हा प्रश्नच नव्हता! दोन तासांत ‘अपहरण करणारा पालक’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजणे सोडले. तो पालक बाई असते हे कोणी म्हणाले नाही. ती का निघाली हेही नाही. शेवटी हात वर करून मी मोडक्या इंग्रजीत विचारले, “जिचा व्हिसा नवऱ्याच्या हातात आहे, तिने मुलामागे परत जाऊन खटला लढायचा कसा? तिला विमानतळाबाहेर तरी येऊ देतील का?” व्यासपीठावरचे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, अशी प्रकरणे अपवादात्मक असतात, मॅडम.

अपवादात्मक! सभेत बसलेल्यांपैकी किती जणांच्या कचेरीत अशी बाई येते? जी येते ती तिची फी देऊ शकत नाही. फी देऊ शकतो तो नवरा. म्हणून त्यांच्या अनुभवात नवराच नियम आणि बायको अपवाद. यात कोणाचा दुष्टपणा नाही, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचे आहे.

आणि आता जे सांगते ते माझ्या ज्येष्ठ मैत्रिणीने जरा नीट ऐकावे. त्याच हेग परिषदेने २००७ साली दुसरा एक करार केला आहे. मुलांची पोटगी, आणि तिच्याबरोबर मागितलेली बायकोची पोटगीसुद्धा, देशाच्या सीमेपलीकडून वसूल करून देण्यासाठी. अमेरिकेत तो १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. भारत त्यात नाही. भारत उद्या त्यात गेला तर देवळीच्या मुलीला तिच्या लेकराच्या खर्चाचा पैसा नवऱ्याच्या तिकडच्या पगारातून मिळवायचा सरकारी मार्ग खुला होईल. दिल्लीच्या त्या सभेत या कराराचा उच्चार एकदाही झाला नाही. मूल परत नेण्याचा करार तातडीचा आणि मुलाला जेवू घालण्याचा करार कोणाला आठवतही नाही. कोणता करार तातडीचा हे सभेत कोण बसले आहे त्यावर ठरते. हिंगणघाटच्या पोटगीचा प्रश्न मी सोडून गेले नाही, मैत्रिणी. तोच प्रश्न घेऊन गेले होते.

तुमचे बाकीचे आक्षेपही मला ठाऊक आहेत. १९९५ च्या बीजिंग परिषदेनंतर आपल्यातल्या काहीजणी परिषदांच्याच होऊन गेल्या. त्यांच्या बॅगा बदलल्या, भाषा बदलली, गावातल्या बैठकीला येणे थांबले. हे खरे आहे आणि त्याचा सल मलाही आहे. आंतरराष्ट्रीय कायदा गोऱ्या देशांनी आपल्या सोयीने रचला, हेही खरे. १८७३ साली ब्रुसेल्सला इंटरनॅशनल लॉ असोसिएशन निघाली तेव्हा आपण कोणाच्या खिजगणतीत होतो? बायकांचे तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय कायदा आयोग १९४९ साली पहिल्यांदा बसला आणि त्यावर पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या २००१ साली! हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश आली १९९५ साली. बायकांच्या मालकीची खोली बांधायची म्हणून काही स्त्री-वकिलांनी १९४४ साली मेक्सिकोत स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, ती काही हौसेने नव्हे.

पण म्हणून बाहेर राहायचे? मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा शब्द राहणार होता. तो बदलून ‘सर्व मानव’ व्हावे यासाठी १९४८ पूर्वीच्या त्या चर्चांत आग्रह धरला हंसा मेहता यांनी. त्या वकील नव्हत्या, मुंबई प्रांताच्या राजकारणातून गेलेल्या होत्या. त्या तिथे बसल्या होत्या म्हणून ते झाले.

आणि आपल्याच विदर्भाचा धडा का विसरायचा? १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सुटले. त्यानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. पत्र वकिली भाषेतले होते, मोर्चे रस्त्यावरचे होते. १९८३ ची कायदादुरुस्ती दोघांनी मिळून आणली. विशाखा निकालाचेही तसेच. भंवरीदेवीच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या त्या याचिकेत १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, त्या सीडॉला भारताने १९९३ साली मान्यता दिली होती. आज जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढे आपण छळाची तक्रार नेतो तेव्हा तो परदेशी कागदच आपल्या पिशवीत असतो. फक्त आपण तो मागच्या दाराने, तयार होऊन आल्यावर वापरतो. लिहिला जात असताना आपण नसतो. सीडॉचे १४ वे कलम तर खास ग्रामीण स्त्रीविषयी आहे. किलोच्या भावाने कापूस वेचणारी समुद्रपूरची बाई त्यात आहे, पण ते कलम वाचून दाखवणारी वकील त्या सभांमध्ये मला अजून भेटलेली नाही.

तरीही, मी एकटीने जात राहावे असे माझे म्हणणे नाही. एकटी गेलेली बाई दोन वर्षांत त्यांच्यातली होते किंवा दमून परत येते. मी दमायच्या बेताला आले आहे. सभेनंतर त्यांनी माझ्याकडून लेखी टिपण मागवले. मी चार सूचना पाठवल्या. ठरावात एक आली, नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसाची, तीही तळटिपेत. मारहाणीची सूचना ‘व्याप्तीबाहेर’ म्हणून गळली. तळटीप म्हणजे यश की अपमान, मला खरेच ठरवता येत नाही. पण पुढच्या सभेत तळटीप वर आणायची असेल तर तिच्यामागे वर्ध्याच्या, यवतमाळच्या, अमरावतीच्या बायकांच्या हकिगती लिहून, सह्यांसकट हव्यात. ते काम माझे एकटीचे नाही, संघटनेचे आहे.

म्हणून मागणे असे आहे. वर्गणीचा अर्धा भार संघटनेने उचलावा आणि त्या बदल्यात मला बांधून घ्यावे. जाण्यापूर्वी विषय बैठकीत मांडायचा, काय बोलायचे ते तिथे ठरवायचे, आल्यावर याच अंकात मराठीत हिशेब द्यायचा, शब्दांचाही आणि पैशांचाही. तीन वर्षांनी माझ्या जागी आर्वीची किंवा हिंगणघाटची तरुण वकील जावी. संघटनेकडे वर्गणी उत्पन्नाप्रमाणे असावी म्हणून पत्र मी पाठवले आहे, त्यावर इतर जिल्ह्यांतल्या स्त्री-वकिलांच्या सह्या हव्या आहेत. इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी मागे राहू नये. माझेही कच्चेच आहे, आणि मी विचारलेला प्रश्न सगळ्यांना समजला होता.

दरम्यान आम्ही तिघीजणी हेग कराराचे मराठी भाषांतर करायला बसलो आहोत. देवळीची ती मुलगी चौथी. लेकरू अंगणवाडीत जाते, तेवढ्या वेळात ती येते. कलम १३ मध्ये आम्ही अडलो. ‘असह्य परिस्थिती’ असे मी लिहिले होते. ती म्हणाली, “ताई, इतकं लांबलचक कायले? याले आमच्याकडं जाच म्हणतात.” शब्द तोच ठेवला आहे. पुढची तारीख नागपूरला अठरा तारखेला आहे, ज्यांना येता येईल त्यांनी यावे.