कामरगावच्या नमुन्याचे उत्तर

इन्फ्लुएन्झाने १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ अशा चार वेळी जग व्यापले. पाचवी वेळ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती येणारच नाही, असे कोणी जाणता मनुष्य म्हणणार नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रोगाचा विषाणूच अज्ञात होता. माणसांतील हा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला तो १९३३ मध्ये. अज्ञानाची ती सबब आज आम्हांस उरलेली नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला आणि तेथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे नमुन्यांचा लोंढा सुरू झाला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची विद्वत्ता वादातीत आहे. पण एका संस्थेने साऱ्या राज्यास उत्तर द्यावे, ही व्यवस्था म्हणता येत नाही. २०२० मध्ये कोविडचा प्रारंभही तसाच झाला. नागपूर, अकोला, अमरावती येथे विषाणूच्या चाचण्या होऊ लागल्या, त्या साथ दाराशी आल्यानंतर.

आता प्रयोगशाळा आहेत, तेव्हा काळजी मिटली, असे समजणे घातक ठरेल. वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याच्या कामरगावचे उदाहरण घ्या. तेथील रुग्णाच्या घशातून घेतलेला नमुना दोन ते आठ अंश तापमानात, तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. त्यासाठी योग्य द्रावणाची नळी, बर्फाची पेटी, वाहन, रसायने, शिकलेला तंत्रज्ञ आणि उत्तर परत कळविणारा कारकून, एवढे सारे हवे. यांतील एक कडी तुटली की लक्षावधींचे यंत्र निरुपयोगी. म्हणून क्षमता मोजावयाची ती यंत्रे मोजून नव्हे, तर कामरगावास उत्तर किती तासांत मिळते हे पाहून.

दुसरे असे की, साथ भरात आल्यावर प्रत्येक खोकणाऱ्याची चाचणी शक्य नाही आणि आवश्यकही नाही. २००९ च्या साथीत केंद्र शासनाने रुग्णांचे तीन वर्ग पाडून गंभीर वर्गासच चाचणी सांगितली होती. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत अधिक गुणकारी ठरते. अत्यवस्थ रुग्णास अहवालाची वाट पाहावयास लावणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय. प्रथम कोणाची चाचणी व्हावी, हा निर्णय शांततेच्या काळात घेऊन तो गावागावांत सांगितला गेला पाहिजे. अन्यथा ज्याची ओळख मोठी त्याचा नमुना पुढे जाईल आणि शेतमजुराचा मागे राहील.

खर्चाचा आक्षेप निघेल. पण ही सामग्री कुलुपात ठेवावयाची नाही. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यंत्र एरवी क्षयरोग शोधते. २०२० मध्ये तेच कोविडच्या कामी आले. रोज चालणारे यंत्र आणि रोज राबणारा हात हीच खरी तयारी.

जिल्हा प्रशासनास आमची एकच सूचना आहे. येत्या पावसाळ्यात एखाद्या शनिवारी सायंकाळी, पूर्वसूचना न देता, कामरगावाहून एक नमुना धाडावा आणि उत्तर परत येईपर्यंतचे तास मोजून जाहीर करावेत. तो आकडा समाधानकारक निघाल्यास आम्ही प्रशासनाचे अभिनंदन करू. न निघाल्यास, दुरुस्तीस अजून अवधी आहे.