जचगीला जवळ कोण होतं?

उज्जैनला गेलेली मंडळी महाकालाचं दर्शन झालं की रिक्षा करून भैरवगढला जातात. दारूचा नैवेद्य घेणारा काळभैरव तिथं आहे, क्षिप्रेच्या काठावरचा सिद्धवट आहे आणि मध्यवर्ती तुरुंगही तिथंच आहे. सिद्धवटाकडे लोक संतती, संपत्ती आणि सद्‌गती मागतात. संततीसाठी तिथं उलटं स्वस्तिक काढायची पद्धत आहे. आपल्याकडच्या माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटत नाही, कारण महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी.

काही वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन आम्ही तिथं गेलो होतो. भैरवगढचं बाटिक प्रसिद्ध आहे, म्हणून एका छपाईवाल्याच्या घरी चादरी बघत बसले होते. घरातल्या आजीने मुलंबाळं किती ते विचारलं. एक मुलगी, म्हटलं. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "जचगी में पास कौन था?"

मुलगा का नाही, दुसरं का नाही, हे प्रश्न मला पाठ आहेत. हा प्रश्न मात्र मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, कोणी नव्हतं. आई दाराबाहेर बाकावर होती, नवरा औषधाच्या रांगेत. आत मी एकटीच. जोरात ओरडले तेव्हा, "तेव्हा नाही ओरडलीस ती?" असं कोणीतरी म्हणालं, तेवढी काय ती सोबत. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारण हा एका इस्पितळाचा प्रश्नच नव्हे. आजी एकच शब्द बोलली, "अकेली?" आणि पुन्हा चादरींच्या घड्या घालू लागली.

वाचकहो, आज मला भांडायचं आहे ते या एका शब्दावरून.

हल्ली शहरांतून 'डूला' नावाचा एक नवा व्यवसाय सुरू झाला आहे. बाळंतपणाआधी, कळा सोसताना आणि नंतरचे काही आठवडे ही बाई सोबत असते. पाठ चोळते, धीर देते, बाळाला पाजायला कसं घ्यायचं ते दाखवते. वैद्यकीय काम ती करत नाही. शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ दासी. डाना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो या अर्थाने रूढ केला. आता त्याची पॅकेजेस निघाली आहेत, आणि ती कोणाला परवडतात ते सांगायला नको.

डूलांशी माझं भांडण नाही. त्यांचं काम खरं आहे आणि त्याचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. १९८० साली ग्वाटेमालातल्या एका इस्पितळातला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंत होणाऱ्या काही बायकांजवळ एक साधी, अनोळखी बाई सतत बसवली होती. एकट्या बायकांना बाळंत व्हायला सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८ तास. पुढे २०१७ च्या कॉक्रन आढाव्यात अशा २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायका मोजल्या गेल्या. सतत सोबत असली की कळांचा काळ कमी होतो, सिझेरियनही कमी होतात, असंच त्यातून दिसलं. हातात हात देणं हे औषध आहे, असं विज्ञानच म्हणतंय!

माझं भांडण आहे ते आपल्या विसराळूपणाशी. जे आपल्या घरात होतं तेच आता ग्रीक नाव लावून आपल्याला विकत घ्यावं लागतंय.

आपल्या गोव्यात वयजीण होती, घाटावर सुईण, माळव्यात दाई. ती कळा सुरू होण्याआधी यायची आणि बाळ-बाळंतिणीची न्हाणी उरकूनच मोकळी व्हायची. पोर्तुगीजांनी १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने जन्म, लग्न आणि मृत्यूच्या देशी चालींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी तो इतिहास लिहून ठेवला आहे. तरी गावोगावची वयजीण टिकली. एवढं मोठं फर्मान तिला संपवू शकलं नाही, ते काम आपल्या लेबर रूमच्या दाराने केलं.

लगेच कोणी म्हणेल, बाई जुन्या काळाचे गोडवे गातात. मुळीच नाही. त्या काळात बायका मरत होत्या. अडलेली बाळंतीण बैलगाडीत, होडीत जीव सोडायची. गंजक्या पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा. आणि आपला ढोंगीपणाही आठवा. उत्तरेकडे दाईचं काम बहुतेक दलित बायकांच्या माथी मारलेलं. नाळ कापणं 'घाण' काम म्हणून. बाळाला जगातला पहिला स्पर्श तिचा, आणि सोयर फिटलं की तीच अंगणाबाहेर! तेव्हा जुनं सगळं परत आणा, असं मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात. ही कमाई आहे, ती सोडायची नाही.

पण पातं फेकताना आपण हातही फेकून दिला. गंजकं पातं वाईट होतं, कपाळावरचा हात वाईट नव्हता. त्याच सर्वेक्षणात गोव्यातल्या सिझेरियनचं प्रमाण ३९.५ टक्के आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ते ३१.४ होतं. याला कारणं अनेक आहेत, सगळा दोष एकटेपणावर टाकता येणार नाही. पण जी गोष्ट फुकट आहे आणि सिझेरियन कमी करते असं सिद्ध झालंय, ती दाराबाहेर बाकावर का बसवून ठेवायची?

आणि गंमत अशी की सरकारने हे केव्हाच मान्य केलं आहे. मी सरकारी कारकून, कागदाची भाषा मला कळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी आरोग्य संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. अटी साध्या आहेत. ती नात्यातली बाई असावी आणि स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. तिने पूर्ण वेळ थांबावं, डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबूड करू नये. आडोशाची सोय असेल तिथं नवऱ्यालाही आत घेता येतं. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही हेच आलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही बाळंतिणीच्या पसंतीची सोबत असावी असं सांगितलं.

मग अडतं कुठे? परिपत्रक कसं मरतं ते मला रोज दिसतं. ते येतं, त्याच्यावर सही होते, फाइलला लागतं, फाइल कपाटात जाते. ज्या बाईसाठी ते निघालं तिला त्याचा पत्ताच नसतो. आणि 'परवानगी आहे' या शब्दाचा अर्थ कचेरीत 'आम्हाला वाटलं तर' असा होतो.

जागा नाही, असं सांगतात. दोन खाटांमध्ये पडदा लावायला किती खर्च येतो? जंतुसंसर्ग होईल, म्हणतात. मग गाऊन आणि चपला द्या. नातेवाईक गोंधळ घालतात, म्हणतात. गोंधळ घालतो तो बाहेर ठेवलेला, काहीच न कळणारा माणूस. आत बसलेल्या आईला दिसत असतं काय चाललंय ते. आणि खरं सांगू? आत कोणी आपलं माणूस बसलेलं असलं की ते ओरडणं-टोमणे आपोआप बंद होतात. कदाचित हीच खरी अडचण असावी.

आता बाळंतपणानंतरचं. डूलाच्या पॅकेजमध्ये 'घरी भेटी' असतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना तयार करून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा ताई तेच काम करू लागल्या. पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात भेटी, त्याही तुटपुंज्या मानधनावर. आणि देशाच्या आशांच्या यादीत वर्षानुवर्षं एक शेरा दिसत आला आहे, 'गोवा वगळून'. आपण श्रीमंत ना! आपल्याकडे नर्स आहेत, दवाखाने जवळ आहेत, हे खरंच. पण तिसऱ्या रात्री बाळ छातीला लागत नाही म्हणून रडणाऱ्या पोरीच्या उशाशी कोण आहे? न्हाऊ घालणारी मावशी मिळाली तर मिळाली, आणि तिच्या हातावर आपण साडी-नारळ ठेवून कौशल्याचा हिशोब मिटवतो.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक सरकारी लेबर रूमच्या दारावर मराठी-कोंकणीत पाटी हवी : 'बाळंतिणीला एक सोबतीण आत नेण्याचा हक्क आहे.' परवानगी नव्हे, हक्क. हीच अट खासगी इस्पितळांनाही लावावी. आणि न्हाणीच्या मावश्यांना प्रशिक्षण देऊन रीतसर पगार द्यावा. ज्यांना डूला ठेवायची त्यांनी खुशाल ठेवावी, पण आईच्या हातासाठी कोणाला बिल भरावं लागू नये.

भैरवगढहून परतताना रिक्षा त्या तुरुंगापाशी आली. तुरुंगातल्या गरोदर बाईचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात केला आहे. तिचं बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावं, आणि आत झालंच तर बाळाच्या जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ नये, असं सांगितलं. मोकळ्या बाईचा गुन्हा काय, की तिला आयुष्यातल्या सगळ्यात कठीण घटका बंद दाराआड एकटीने काढाव्या लागाव्यात?

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर नाव घालायच्या दिवशीच इस्पितळात विचारा, आत कोणाला घेणार? नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की कचेरी जागी होते, हे अनुभवाने सांगते.

माझी मुलगी आता मोठी होते आहे. तिला उद्या कोणी विचारलं, जवळ कोण होतं, तर तिला उत्तर शोधावं लागू नये.