रोलचा कॅमेरा कीं डिजिटल?

मानपाड्याच्या एका वाचक भगिनींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचें आम्ही योजिलें आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या त्यांच्या घरांत सध्यां मोठा वाद चालू आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीस छायाचित्रण शिकावयाचें आहे. आजोबांनीं आपला रोलचा जुना कॅमेरा तिच्या हातीं दिला. छत्तीसच फोटो असले म्हणजे मूल विचार करून कळ दाबतें, हें त्यांचें मत. पहिला रोल बरा निघाला. दुसरा निम्म्याहून अधिक धुरकट व हललेला आला. तेव्हांपासून कॅमेरा कपाटांत आहे आणि मुलगी म्हणते, "मला हें जमणार नाहीं." आतां डिजिटल घेऊन देणें आजोबांस पळपुटेपणा वाटतो.

आजोबांविषयीं पूर्ण आदर राखून आम्ही मुलीच्या बाजूनें कौल देतों.

या विद्येचें मूळ गणित थोडें आहे. भिंगाचें छिद्र ८ वरून ११ वर नेलें कीं प्रकाश निम्मा होतो; झडपेचा वेळ १/२५० वरून १/१२५ सेकंद केला कीं तो पुन्हां पूर्ववत् होतो. एका संध्याकाळीं समजेल असें हें त्रैराशिक. परंतु तें हातांत उतरावयाचें, तर चूक झाली त्याच क्षणीं दिसली पाहिजे. स्वयंपाकघरांत धूर आणि अग्नि एकत्र पाहिल्यावांचून डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येत नाहीं, हें तर्कसंग्रह वाचणारा पहिल्याच महिन्यांत शिकतो. रोलवर काम करणारा सर्वस्वीं अनुमानावर चालतो. ज्याचें प्रत्यक्षच झालेलें नाहीं त्यानें अनुमान कशाच्या बळावर करावें? आठ दिवसांनीं फोटो हातीं आले, तेव्हां छिद्र किती होतें नि झडप किती, हें त्या मुलीस आठवणार तरी कसें? डिजिटल कॅमेरा हे आकडे प्रत्येक चित्राबरोबर आपण होऊन नोंदून ठेवतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. रंगीत निगेटिव्हवरून फोटो छापणारें यंत्र फिकट-गडदपणा पुष्कळसा स्वतःच सुधारून घेतें. म्हणजे पहिल्या रोलांतील यश मुलीचें किती व यंत्राचें किती, हें तिला कळलेंच नाहीं. चुकीचें उत्तर गुपचूप दुरुस्त करून पूर्ण गुण देणारा परीक्षक विद्यार्थ्याचा मित्र नव्हे.

वाट पाहणें ही या विद्येची जुनी शिस्त, असें म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण तेथेंच शिकले. त्या सुमारास १८५१ ची ओल्या काचेची पद्धति प्रसार पावत होती. तींत काच वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन तेथल्या तेथें धुवावें लागे, त्यामुळें बरेंवाईट थोड्याच मिनिटांत समोर येई. १८८८ सालीं कोडकनें शंभर चित्रांचा रोल भरलेला कॅमेरा विकण्यास काढला, व तो संपल्यावर अख्खा कारखान्याकडे पाठवावयाचा अशी सोय केली. चित्र काढणारा व धुणारा यांची ताटातूट झाली ती येथून.

आजोबांची छत्तीसांची अट मात्र आम्हांस मान्य आहे. डिजिटलचा खरा दोष अति सुलभता हाच. तेव्हां वापरलेला कां होईना, परंतु छिद्र व झडप हातानें बदलतां येतील असा कॅमेरा घ्यावा. पहिले दोन महिने 'ऑटो'स शिवूं नये. दिवसाला छत्तीसच फोटो काढावेत. प्रत्येकाचे आकडे आधीं वहींत लिहावेत, मग कळ दाबावी, नंतर पडदा पाहावा. सकाळच्या स्वच्छ उन्हांत येऊरचा डोंगर टिपतांना आयएसओ १००, छिद्र १६, झडप १/१२५ या जुन्या ठोकताळ्यापासून आरंभ करावा. नाक्यावरची धांवती रिक्षा १/३० नें व १/५०० नें टिपून पाहावी. झडपेचें सगळें प्रकरण त्या दोन चित्रांत उलगडेल.

आजोबांचा कॅमेरा विकूं नये. वहींतले आकडे बहुधा बरोबर येऊं लागले कीं त्यांत कृष्णधवल रोल भरावा, आणि तो बाहेर न देतां आजोबा-नातीनें मिळून घरींच धुवावा. अंधाऱ्या खोलींत हायपोच्या वासाबरोबर जें शिकावयास मिळतें, तें पडद्यावर मिळत नाहीं. मात्र जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाशीं असलेला काळा स्पंज बहुधा चिकट होऊन झडलेला असतो व तेथून उजेड आंत शिरतो. रोल भरण्यापूर्वीं तो बदलून घ्यावा.