पैनगंगेचा नाका आणि ब्रुसेल्सची यादी

हिंगोलीहून वाशिमला निघालं की पैनगंगेच्या जवळ कनेरगाव नाका लागतं. नाका केव्हाच उठला, गावाच्या नावात तेवढा उरला. माझे आजोबा तिथली गोष्ट रंगवून सांगायचे. नदीपलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड, अलीकडं निजामाचं राज्य. कापसाची गाडी वाशिमच्या बाजाराला न्यायची तर आधी करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर बैल सोडायचे, नाकेदाराची झोप होईपर्यंत झाडाखाली बसायचं, मालाची किंमत तो सांगेल ती मुकाट मान्य करायची आणि शेकडा पाच हाली रुपये मोजून पावती घ्यायची. त्याच रस्त्यानं एका जहागीरदाराच्या गाड्या न थांबता पार व्हायच्या. आजोबांचा राग पाच रुपयांवर नव्हता. "आमच्या गाडीला दांडा आडवा, त्यांच्या गाडीला उभा," एवढंच ते म्हणायचे.

त्यांचा नातू पुढं कराच्याच धंद्यात पडला. तीसेक वर्षं मी हिंगोलीत लोकांची विवरणपत्रं भरतो. इकडं असं काम करणाऱ्याला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे सांगायचं मी सोडून दिलंय. पक्षकार बहुतेक हळदीतले. ओल्या हळदीवर जीएसटी शून्य. तीच शिजवून, वाळवून, ड्रममध्ये पॉलिश करून कांडी आणि गट्टू वेगळे करून आली की पाच टक्के. "कुकरात घातली म्हणून पाच टक्के व्हय?" हा प्रश्न दर हंगामात एकदा तरी येतोच. त्याचं उत्तर मला देता येतं. गेल्या चैत्रात एका आडत्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथल्या तिथं देता आलं नाही.

या आडत्याचा, म्हणजे आप्पांचा, पुतण्या दुबईत मसाल्याच्या व्यापारात आहे. आपली हळद ज्या देशांत जास्त जाते त्यांत संयुक्त अरब अमिराती वरच्या रांगेत आहे, त्यामुळं हिंगोली-वसमतच्या बाजाराला दुबई काही परकी नाही. आप्पा म्हणाले, "वकीलसाहेब, दुबईत कर नाही म्हणून पोरगं तिकडं गेलं. आता तिथं बी नऊ टक्के लागले. म्हणे युरोपनं त्यांचं नाव काळ्या यादीत टाकलं होतं. युरोप कोण लागून गेला दुबईचा?"

प्रश्न सोपा नाही. युरोपीय संघ हा 27 देशांचा गट, त्याचा कारभार ब्रुसेल्समधून चालतो. त्यानं 5 डिसेंबर 2017 रोजी करविषयक सहकार्य न करणाऱ्या मुलखांची पहिली यादी काढली. तीत 17 नावं होती. पनामा, बार्बाडोस, सामोआ यांच्या जोडीला दक्षिण कोरिया, मंगोलिया, नामिबिया, ट्युनिशिया आणि अमिरातीही. यादीच्या कसोट्या तीन. बँकेची आणि मालकीची माहिती परदेशी करखात्यांना देता का? फक्त कागदावरच्या कंपन्यांना कर माफ करून दुसऱ्यांचा नफा ओढून घेता का? नफा पळवण्याविरुद्धचे किमान आंतरराष्ट्रीय नियम पाळता का? वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात, यादी नव्यानं लिहिली जाते. नाव आलं की युरोपचे काही निधी त्या मुलखातून फिरवता येत नाहीत, आणि तिथल्या कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारांवर सभासद देश जादा कर किंवा जादा तपासणी लावतात.

अमिरातीचं नाव जानेवारी 2018 मध्ये निघालं, मार्च 2019 मध्ये परत चढलं, ऑक्टोबर 2019 मध्ये पुन्हा निघालं. मधल्या काळात त्यांनी कंपन्यांचं काम खरोखर तिथंच चालतं की नुसती पाटी आहे, हे तपासणारे नियम आणले. जून 2023 पासून नऊ टक्के कंपनीकर आला. 2025 पासून फार मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना किमान 15 टक्के लागले. हे सगळं एकट्या यादीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. 15 टक्के किमान कराचा रेटा पॅरिसच्या ओईसीडीतून, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतूनही आला. पण यादीचा धाक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता गंमत बघा. युरोपीय संघातल्याच हंगेरीत कंपनीकर नऊ टक्के आहे. आयर्लंडनं वर्षानुवर्षं 12.5 टक्क्यांवर जगभरातल्या कंपन्या गोळा केल्या. ॲपलनं आयर्लंडला द्यायचे 13 अब्ज युरो दिले नाहीत, असं युरोपीय आयोगानं 2016 मध्ये ठरवलं. त्यावर आयर्लंड सरकारच कोर्टात गेलं, आम्हाला हा कर नको म्हणून! सप्टेंबर 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं तो घ्यायलाच लावला. मी आजवर शेकडो नोटिसांना उत्तरं दिली, पण कर नको म्हणून भांडणारं सरकार दुसरं पाहिलं नाही. तरी आयर्लंड कधी यादीत आलं नाही. लक्झेंबर्ग नाही, माल्टा नाही, नेदरलँड्स नाही. कारण साधं आहे. यादी फक्त बाहेरच्यांसाठी आहे, घरातल्यांची तपासणी तीत होतच नाही. अमेरिकेच्या ताब्यातली ग्वाम आणि अमेरिकन सामोआ ही बेटं पहिल्याच यादीत आली. खुद्द अमेरिका आली नाही. जहागीरदाराच्या गाडीला दांडा अजून उभाच आहे.

याच्या मुळाशी एक नियम आहे. युरोपीय संघात कराचा कायदा बदलायचा तर 27 च्या 27 देशांची संमती लागते. एकट्या माल्टानं नकारार्थी मान हलवली तरी ठराव अडतो. त्यामुळं घरात कोणाला बोलता येत नाही आणि सगळा बाणा उंबऱ्याबाहेर निघतो. ज्या नामिबियावर निर्णय होतो, त्या नामिबियाला त्या बैठकीत खुर्ची नसते.

आजोबांच्या शेकडा पाचमागची गोष्टही मला फार उशिरा कळली. तो आकडा निजामानं आपल्या मनानं ठरवला नव्हता. 1802 च्या व्यापारी करारात ईस्ट इंडिया कंपनीनं तो त्याच्या गळ्यात बांधला होता. कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर पाच टक्क्यांहून जास्त जकात घ्यायची नाही, असा तो बंध. सही दोघांची, अट एकाची. बलवान शेजारी दुसऱ्याच्या कराचा दर लिहितो, ही चाल पैनगंगेच्या खोऱ्यात तरी दोनशे वर्षं जुनी आहे.

म्हणून यादीच वाईट, असं माझं म्हणणं नाही. उलट आपणही ती वापरली आहे. सायप्रसनं करविषयक माहिती दिली नाही म्हणून भारतानं नोव्हेंबर 2013 मध्ये आयकर कायद्याच्या 94अ कलमाखाली सायप्रसला असहकारी मुलूख जाहीर केलं आणि तिकडं जाणाऱ्या रकमांवर 30 टक्के कापायला लावले. हा सायप्रस युरोपीय संघाचा सभासद आहे! तीन वर्षांत नवा करार झाला, शेअरच्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क भारताला मिळाला आणि डिसेंबर 2016 मध्ये तो शिक्का निघाला. मॉरिशसबरोबरचा 1982 चा करारही 2016 मध्येच दुरुस्त झाला. अंगात बळ असलं की नाका आपल्यालाही बांधता येतो. प्रश्न ज्यांच्या अंगात बळ नाही त्यांचा आहे, आणि आपण कोणत्या बाजूला उभं राहणार याचा आहे.

आप्पांना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "मपला काय संबंध? मपली हळद काय यादीत बसती का?" हळद बसत नाही, पण जालन्याची सळई बसते. युरोपनं नवा नाका बांधलाय, त्याला ते सीमेवरची कार्बन समायोजन यंत्रणा म्हणतात. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज, एवढ्या मालासाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची होती. 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा हिशेब सुरू झाला. माल बनवताना किती धूर सोडला ते मोजायचं आणि तेवढी प्रमाणपत्रं युरोपातल्या आयातदारानं विकत घ्यायची. जालन्याच्या भट्ट्यांतलं बहुतेक लोखंड आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये जातं, त्यामुळं आज घाबरायचं कारण नाही. पण देशातल्या मोठ्या कारखान्यांचं जे पोलाद युरोपला जातं ते तिथं महागणार. मग तो माल इथल्या बाजारात वळला तर जालन्याच्या सळईला त्याच्याशीच झुंजावं लागेल.

हवामान वाचवायला कोणाची ना नाही. अवकाळीत भिजलेली हळद मराठवाड्यानं पाहिली आहे. पण दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता धुराची पावती फाडायची, दर आपण ठरवायचा, वसूल आपल्या तिजोरीत टाकायचा आणि ज्याच्या मालावर तो बसला त्याला छदामही द्यायचा नाही, याला जागतिक न्याय म्हणता येत नाही. दर माणशी धूर अजूनही त्यांचाच जास्त आहे.

तरी नुसत्या निषेधानं गाडी सुटत नाही. युरोपच्या त्याच कायद्यात एक दार उघडं आहे. मालावर मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा मिळते. म्हणजे पैसा जायचाच असेल तर तो ब्रुसेल्सऐवजी दिल्लीत राहू शकतो. आपल्याकडं याची सुरुवात झाली होती. 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर बसला, 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. स्वच्छ पर्यावरणासाठी म्हणून घेतलेला हा पैसा 2017 मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला, आणि 22 सप्टेंबर 2025 ला तोही जाऊन कोळशावर सरळ 18 टक्के जीएसटी आला. कराचा माणूस म्हणून सांगतो, नाव बदललं की हिशेब बदलतो. कार्बनच्या नावानं दाखवता येईल असा कर आपण आपल्या हातानं पुसला. 2023 मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना आता नेटानं चालवावी, भरलेल्या रकमेची पावती युरोपला मान्य करायला लावावी आणि तो पैसा छोट्या भट्ट्यांच्या सुधारणेला द्यावा. हे पहिलं काम.

दुसरं काम याहून मोठं. 22 नोव्हेंबर 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत आफ्रिकी देशांनी ठराव आणला, की जगाच्या करांचे नियम सगळ्या देशांनी मिळून एका करारानं ठरवावेत. बाजूनं 125 मतं पडली, विरोधात 48. भारत बाजूनं होता. विरोधात युरोपीय संघाचे सगळे सभासद. जे वर्षातून दोनदा दुसऱ्यांच्या कराला गुण देतात, त्यांना सगळ्यांनी मिळून प्रश्नपत्रिका काढायला नको होती. कराराचा मसुदा 2027 पर्यंत पुरा करायचं ठरलंय. अमेरिका फेब्रुवारी 2025 मध्ये बैठकीतून उठून गेली. आपण मात्र मत दिल्यावर पुढं किती जोर लावतो, हे लोकांना कळतच नाही. दरम्यान परदेशी डिजिटल कंपन्यांवरचा आपला समानीकरण कर आपण दोन टप्प्यांत काढून टाकला. ऑगस्ट 2024 मध्ये दोन टक्क्यांचा आणि एप्रिल 2025 मध्ये सहा टक्क्यांचा. हिंगोलीतला दुकानदार मोबाईलवर जाहिरात देतो तेव्हा पैसा कुठं जातो आणि त्यावर कर कोण घेतं, हा आता आपलाही प्रश्न आहे. कंपन्यांकडून सुटलेला रुपया शेवटी आप्पांच्या पाच टक्क्यांतून नाहीतर आपल्या पेट्रोलमधून भरून काढला जातो.

करोडगिरीचे दर ठरले तेव्हा हिंगोलीच्या गाडीवानाला कोणी विचारलं नाही, आणि विचारायला लावावं असा त्याच्या हातात कागदही नव्हता. आपल्या हातात मत आहे. पुढच्या वेळी खासदार गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा: संयुक्त राष्ट्रांच्या कर करारात भारतानं काय मागितलंय, आणि तुम्ही लोकसभेत त्यावर एक तरी प्रश्न टाकला का? उत्तर आलं तर मला कळवा. आप्पांना दिलेलं उत्तर अजून अर्धंच आहे.